साठ विरुद्ध शून्य

मॉरिशसच्या मुख्य बेटावरून संसदेत साठ सभासद निवडून जातात. १० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत या साठच्या साठ जागा नवीन रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील आघाडीने जिंकल्या आणि मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना स्वतःच्या मतदारसंघातही विजय मिळवता आला नाही. आपल्याकडे अशा बातमीचे स्वागत बहुधा 'भारतीय वंशाचा नेता पुन्हा सत्तेवर' अशा कौतुकाने होते. हरलेला नेताही भारतीय वंशाचाच असतो, ही गोष्ट त्या कौतुकाच्या भरात ध्यानात राहत नाही. आणि मॉरिशसच्या राजकारणाची खरी मेख तर तेथेच आहे.

साठ विरुद्ध शून्य हा निकाल मॉरिशसला नवा नाही. १९८२ मध्ये स्वातंत्र्याचे शिल्पकार म्हणून गौरवलेले सर सिवसागर रामगुलाम अशाच निकालाने सत्तेवरून गेले. १९९५ मध्ये त्यांना घालवणारे अनिरुद्ध जगन्नाथ त्याच वाटेने गेले, आणि २०२४ मध्ये अनिरुद्धांचे चिरंजीव प्रविंद. पहिल्या प्रसंगी थोरले रामगुलाम हरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगी विजयाची माळ त्यांच्या चिरंजीवांच्या, नवीन यांच्या गळ्यात पडली. १९६८ च्या मार्चमध्ये देश स्वतंत्र झाल्यापासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत पंतप्रधानपदावर एकूण पाच व्यक्ती बसल्या. त्यांपैकी चौघे दोन घराण्यांतले : दोन बाप, दोन मुलगे. पाचवे पॉल बेरांजे. ते फ्रेंच वंशाचे, आणि त्यांचा कार्यकाळ २००३ ते २००५ असा जेमतेम दोन वर्षांचा.

सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीच्या, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही लहान असलेल्या देशाच्या राजकारणाची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकास हा प्रश्न वर्गात अनेकदा विचारला गेला आहे. विकासाचे अर्थशास्त्र शिकवताना मॉरिशसला टाळता येत नाही, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे असे की, लोकशाही, घराणेशाही आणि अर्थकारण यांचे परस्परसंबंध मोठ्या देशाच्या गर्दीत दिसेनासे होतात. लहान बेटावर मात्र ते स्वच्छ दिसतात.

१९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, पुढे १९७७ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांनी, मॉरिशसच्या अर्थव्यवस्थेवर एक अहवाल सादर केला. त्याचा सूर निराशेचा होता. महायुद्धानंतर हिवतापाचे उच्चाटन झाले होते, मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले होते आणि लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वाढत होती. जमीन उसाखाली, निर्यात जवळजवळ सगळी साखरेची, साखर कारखाने मूठभर फ्रेंच वंशीय कुटुंबांच्या हाती आणि उसाच्या शेतात राबणारे बहुसंख्य हात भारतातून गिरमिटावर नेलेल्या मजुरांच्या वंशजांचे. एवढी माणसे या बेटावर जगणार कशी, हा मीड यांचा प्रश्न होता. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७२ मध्ये या बेटाला दाटीवाटीने कोंबलेल्या गुलामांच्या कोठाराची उपमा दिली, तीही याच भावनेतून.

राजकीय चित्रही आश्वासक नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना चाळीस टक्क्यांहून अधिक मते पडली होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही धास्ती क्रिओल आणि फ्रेंच वंशीय समाजात होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुई शहरात मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगली झाल्या आणि त्या आवरण्यासाठी ब्रिटिश सैनिक आणावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांनी, दांडीयात्रेचा दिवस म्हणून १२ मार्चचा मुहूर्त साधून, स्वातंत्र्य आले. ज्या देशाच्या जन्मालाच इतक्या जणांचा विरोध होता तो देश टिकला, आणि त्याने संपत्तीही मिळवली. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याची गणना उच्च उत्पन्नाच्या देशांत केली. पुढच्याच वर्षी साथीच्या तडाख्याने ते स्थान गेले, हा भाग निराळा.

हे कशामुळे घडले? थोरल्या रामगुलामांच्या द्रष्टेपणामुळे, असे त्यांचे चाहते सांगतात. अनिरुद्धांचे चाहते ऐंशीच्या दशकातील 'आर्थिक चमत्कारा'चे श्रेय आपल्या नेत्याला देतात. दोन्ही दाव्यांत तथ्य आहे. परंतु माझ्या मते खरे कारण नेत्यांच्या थोरवीत नसून त्यांच्या नाइलाजात आहे. या बेटावर कोणत्याही एका समाजाला, कोणत्याही एका पक्षाला दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय राज्य करता येत नव्हते. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर रामगुलामांशी निकराने लढलेल्या गेतां दुव्हाल यांना लवकरच त्याच रामगुलामांच्या सरकारात मंत्रिपद मिळाले. १९७६ च्या निवडणुकीत बेरांजे यांचा 'एम.एम.एम.' हा डावा पक्ष ३४ जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला, रामगुलामांच्या मजूर पक्षाला २८ आणि दुव्हाल यांच्या पक्षाला ८ जागा मिळाल्या. तेव्हाही २८ अधिक ८ या बेरजेवरच सरकार बनले.

या तडजोडीला एक आर्थिक बाजू होती आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. साखर कारखानदारांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली नाही. परंतु साखरेच्या निर्यातीवर कर बसवला. १९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदीने युरोपात सुमारे पाच लाख टन साखरेला हमीचा भाव मिळाला, तेव्हा त्या नफ्याचा एक वाटा तिजोरीत आला. त्यातून दवाखाने चालले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन तर १९५८ पासूनच मिळत होते. दुसरीकडे १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करात आणि आयात शुल्कात सवलती देण्यात आल्या. साखरेत कमावलेले भांडवल देशाबाहेर न जाता बरेचसे कापडाच्या आणि विणकामाच्या कारखान्यांत गेले आणि हजारो स्त्रिया प्रथमच घराबाहेर पडून रोजगार कमावू लागल्या. गोऱ्या मालकाचा ऊस राहिला, हिंदू मजुराच्या मुलाला शाळा मिळाली, क्रिओल मुलीला कारखान्यात काम मिळाले. या वाटपात न्याय पुरता नव्हता, क्रिओल वस्त्यांतील दारिद्र्य तर अद्याप सरलेले नाही; पण प्रत्येकाला काही गमावण्यासारखे मिळाले.

या सौद्याची खरी कसोटी १९८२ मध्ये लागली. साखरेची तेजी ओसरली होती, रुपयाचे १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये अवमूल्यन झाले होते, नाणेनिधीच्या अटी डोक्यावर होत्या, बेकारी शिगेला पोचली होती. साठ-शून्याने सत्तेवर आलेल्या सरकारात अर्थमंत्री झाले ते पॉल बेरांजे, म्हणजे गोदी कामगारांचे संप घडवणारे आणि आणीबाणीच्या काळात तुरुंगात गेलेले लढाऊ पुढारी. कारखाने ताब्यात घ्या म्हणणाऱ्या या माणसाने अर्थखाते हाती येताच नाणेनिधीचा कार्यक्रम मोठ्या कडकपणे राबवला. त्यांच्या पक्षातील तरुणांना हा विश्वासघात वाटला. आकडे तपासणाऱ्या कोणालाही तो शहाणपणा वाटेल. नऊ महिन्यांत सरकार फुटले, जगन्नाथ आणि बेरांजे वेगळे झाले, १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि बेरांजे विरोधात गेले. परंतु त्यांनी आखलेली आर्थिक दिशा नव्या सरकारने बदलली नाही. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. भांडणे व्यक्तींची होती, धोरण एकच होते. मीड यांच्या भाकिताला मॉरिशसने दिलेले उत्तर ते हेच.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावयास हवी.

मॉरिशसमध्ये वीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन उमेदवार निवडले जातात. मतदार तीन मते देतो, आणि आघाडीची लाट असली की तिन्ही मते एकाच आघाडीच्या झोळीत पडतात. तीनही वेळा साठ जागा जिंकणाऱ्यांना साधारणतः साठ ते पासष्ट टक्क्यांच्या दरम्यान मते होती. म्हणजे तीनातल्या एका मतदाराला संसदेत जवळजवळ प्रतिनिधीच उरला नाही. याच्या उलट २०१९ मध्ये प्रविंद जगन्नाथांच्या आघाडीने मते तिघांत विभागल्यामुळे सुमारे ३७ टक्के मतांवर स्पष्ट बहुमत मिळवले. दोन्ही निकाल एकाच यंत्रातून निघालेले आहेत.

हे यंत्र फार कर्कश होऊ नये म्हणून घटनेत 'उत्तम पराभूत' उमेदवारांची एक तरतूद आहे. निवडणुकीत ज्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नसेल त्या समाजातील, हरलेल्यांपैकी बऱ्यापैकी मते मिळवलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. २०२४ नंतरच्या संसदेत विरोधी पक्षाला बसावयास बाक मिळाले ते याच तरतुदीमुळे. त्यासाठी घटनेने लोकसंख्येचे चार वर्ग केले आहेत : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि उरलेले सर्व 'सामान्य लोकसंख्या' या नावाखाली. प्रत्येक उमेदवाराने आपला वर्ग सांगावयाचा. पण समाजवार शिरगणती झाली ती शेवटची १९७२ मध्ये! तेव्हापासून बेटावर दोन पिढ्या जन्मल्या, मिश्र विवाह झाले, क्रिओल समाज वाढला. हिशेब मात्र १९७२ च्या आकड्यांवरच चालतो. वर्ग सांगण्याची सक्ती नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये ठरवले. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने तर २००२ मध्येच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या जादा जागांची शिफारस केली होती. एकाही सरकारने ती अमलात आणली नाही. ज्या शिडीने माणूस माडीवर चढला ती शिडी तो स्वतःच्या हाताने मोडत नाही.

कोकणातून मुंबईच्या बंदरामार्गे गेलेल्या मजुरांचे वंशज असलेला एक छोटा मराठी समाज या बेटावर आहे. घटनेच्या कागदावर तो हिंदूंत मोडतो. उमेदवाऱ्या आणि मंत्रिपदे वाटताना मात्र हिंदी-भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी असा निरनिराळा हिशेब होतो, आणि त्यात जातीही मोजल्या जातात. पूर्वजांची भाषा ही तेथे केवळ संस्कृतीची बाब नाही, मंत्रिमंडळाच्या गणिताची बाब आहे. या गणितावर फार विसंबणाऱ्यांना १९९५ मध्ये जो धडा मिळाला, तो आपल्याकडील भाषेच्या राजकारण्यांनीही पाहण्यासारखा आहे. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी आदी पौर्वात्य भाषांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरावेत की नाहीत, हा वाद होता. ते धरले तर या भाषा न शिकणाऱ्या क्रिओल मुलांवर अन्याय होतो, हा आक्षेप होता. अनिरुद्ध जगन्नाथांनी घटनादुरुस्ती मांडली. तीन-चतुर्थांश बहुमत मिळाले नाही. त्यांनी संसद विसर्जित केली आणि या प्रश्नावर कौल मागितला. ज्यांच्या पूर्वजांच्या या भाषा होत्या तेच बेटावर बहुसंख्य होते. निकाल : साठ विरुद्ध शून्य, आणि शून्य जगन्नाथांच्या बाजूला. तेरा वर्षांच्या राजवटीचा कंटाळा, महागाई, मित्रपक्षांची फाटाफूट अशी कारणे अनेक होती. पण आजोबांच्या भाषेच्या अभिमानाने त्या कारणांवर मात केली नाही, एवढे निश्चित.

मतदार इतका स्वतंत्र असेल तर मग त्याच दोन घराण्यांकडे तो पुन्हा पुन्हा का वळतो? त्याच्यापुढे निवडीला दुसरे येऊ दिले जात नाही, हे याचे सरळ उत्तर. पक्ष म्हणजे नेत्याची खाजगी मिळकत. उमेदवारी नेत्याच्या हाती. आणि आघाड्या नेत्यांच्या बैठकखान्यात ठरतात. २००५ ते २०१० या काळात राम सीतानेन या अर्थमंत्र्यांनी साखरेचा युरोपातील हमीभाव संपुष्टात येत असताना आणि कापडाच्या निर्यातीचे संरक्षण गेलेले असताना करपद्धती बदलून अर्थव्यवस्था सावरली. २०१० च्या निवडणुकीत त्यांना त्यांच्याच पक्षाने उमेदवारी दिली नाही. त्यांच्या जागी नवीन रामगुलामांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून आले कोण? प्रविंद जगन्नाथ! दोन घराण्यांचे वैर जन्मोजन्मीचे आहे असे मानणाऱ्यांनी एवढा एक तपशील लक्षात ठेवावा. वर्षभरात ते सरकारातून बाहेर पडले. २०१४ मध्ये रामगुलाम आणि बेरांजे यांनी राष्ट्रपतीला अधिक अधिकार देणाऱ्या 'दुसऱ्या प्रजासत्ताका'ची योजना मांडली, त्यात राष्ट्रपतिपद कोणासाठी राखून ठेवले होते हे मतदाराला कळत होते, आणि त्याने दोघांना घरी बसवले. मग २०१७ च्या जानेवारीत अनिरुद्धांनी पंतप्रधानपद सोडले व निवडणूक न घेता ते मुलाकडे गेले. संसदेत बहुमत होते, तेव्हा यात बेकायदा काही नव्हते. तरीही एखाद्या दुकानाच्या पाटीवर 'आणि सन्स' अशी अक्षरे रंगवावीत तसे ते दिसले.

अशा राजकारणात सत्तांतर होते, पण सत्तेची रीत बदलत नाही. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर राजकारणी, पत्रकार आणि पोलीस अधिकारी यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर येऊ लागल्या. सरकारने निवडणूक होईपर्यंत ती माध्यमेच बंद ठेवण्याचा हुकूम काढला आणि लोकक्षोभ पाहून दुसऱ्या दिवशी मागे घेतला. सत्ता गेल्यावर नवीन रामगुलामांना २०१५ च्या फेब्रुवारीत अटक झाली होती. प्रविंद जगन्नाथांना २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. दोघेही जामिनावर सुटले, दोघांनीही आरोप नाकारले. या प्रकरणांचा निवाडा न्यायालयांनी करावयाचा आहे, आणि मॉरिशसची न्यायालये त्या कामी सक्षम आहेत. परंतु माजी पंतप्रधानाच्या दारात पोलीस पाठवणे हा सत्तांतराचा विधीच होऊन बसला, तर सत्ता सोडण्याची भीती वाढते, आणि भिणारा सत्ताधीश निवडणूक जिंकण्यासाठी तिजोरीकडे हात नेतो.

तिजोरीचे तसेच झाले आहे. २००५ मध्ये विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बसचा प्रवास फुकट झाला. २०१४ मध्ये निवृत्तिवेतन पाच हजार रुपये करण्याच्या आश्वासनाने जगन्नाथांना विजय मिळवून दिला आणि तेथून पुढे प्रत्येक निवडणूक हा निवृत्तिवेतनाचा लिलाव झाला. २०२० मध्ये साथीच्या काळात देशाच्या मध्यवर्ती बँकेने सरकारला ६० अब्ज रुपये अनुदान म्हणून दिले. कर्ज म्हणून नव्हे, अनुदान म्हणून! २०२४ च्या प्रचारात चौदाव्या महिन्याच्या वेतनाची भाषा झाली. सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या घरात पोचले. मीड यांना खाणारी तोंडे फार होतील याची चिंता होती. आज जननप्रमाण इतके घसरले आहे की कमावणारे हात अपुरे पडत आहेत. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला, श्रीमंत-गरीब न पाहता, सरसकट वेतन देण्याची १९५८ ची उदार कल्पना या लोकसंख्येला पेलणारी नाही, हे कोणताही अर्थशास्त्रज्ञ सांगेल. दहा वर्षांपूर्वी सांगितले असते, तर मार्ग सुसह्य झाला असता.

जून २०२५ च्या अर्थसंकल्पात नवीन रामगुलामांच्या सरकारने हे वय टप्प्याटप्प्याने ६५ पर्यंत नेण्याचे जाहीर केले. अर्थखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले होते. निर्णय आर्थिकदृष्ट्या बरोबर आहे असे माझे मत आहे. पण तो मतदारांना विचारून झालेला नाही. सात महिन्यांपूर्वीच्या प्रचारात त्याचा उच्चारही नव्हता. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, मग साठ ते पासष्ट वयाच्या गरजूंसाठी काही साहाय्य जाहीर करावे लागले. ही चर्चा संसदेत व्हावयास हवी होती : कोणाचे वेतन लांबवावे, उसाच्या शेतात चाळीस वर्षे वाकलेल्या बाईला आणि वातानुकूलित कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला एकच वय लावावे काय, श्रीमंतांचे वेतन आधी बंद का करू नये. हे प्रश्न सरकारला टोचून विचारण्यासाठी समोरच्या बाकांवर माणसे लागतात. १९७६ च्या संसदेत ती होती, ३४ होती. २०२४ च्या मतदाराने ज्यांना हाकलले ते हाकलण्याच्याच लायकीचे होते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्याच्या हाती मतदानाचे जे एकमेव हत्यार आहे ते कुऱ्हाडीचे आहे. त्याने फांदी छाटता येत नाही, झाडच पडते. आणि पडलेल्या झाडाच्या जागी पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्याच्याच मुळाचा फुटवा उभा राहिलेला दिसतो.

निवडणूक पद्धती बदलण्याचे आश्वासन २०२४ च्या विजेत्यांनीही दिले होते. घटना बदलण्यास तीन-चतुर्थांश मते लागतात. १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथांना तेवढी जमली नाहीत. साठ जागांच्या धन्याला तरी मतांची सबब सांगता यावयाची नाही.